जुनी डिझेल पिकअप दारात येण्यापूर्वी

लग्नसराई संपून पावसाचे दोन सडाके पडले की मंडपवाल्यांच्या घरी कनाती वाळत पडतात आणि हिशेबाची वही उघडली जाते. तालुक्याच्या गावातल्या अशाच एका घरी वहीत एक ओळ पुन्हा पुन्हा दिसत होती : ‘पिकअप भाडे, अडीच हजार.’ लग्ने, गणपती, नवरात्र धरून वर्षात चाळीस वेळा. म्हणजे लाख रुपये नुसते दुसऱ्याच्या गाडीला गेलेले. त्यातही दोनदा गाडीवाला आयत्या वेळी फिरकलाच नाही आणि मुहूर्त तासावर आलेला असताना जनरेटरची ट्रॉली शेजारच्या ट्रॅक्टरला जोडून न्यावी लागली.

“आता स्वतःचीच गाडी घ्यायची,” घरधन्याने जाहीर केले. एक जुनी डिझेल पिकअप त्याने हेरूनही ठेवली होती. किंमत साडेतीन लाख. ‘एकहाती गाडी आहे, फक्त दूध वाहिलंय, इंजिनाला पाना लावलेला नाही,’ असे विकणाऱ्याचे शब्द. निम्मे पैसे साठलेले होते. उरलेल्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागणार होत्या.

“पाटल्या देते,” ती म्हणाली. “पण अहो, आधी ती गाडी आपल्याला परवडते का ते बघू. आणि मग ती गाडी कशी आहे ते.”

जुनी गाडी घेणारे बहुतेक लोक हे दोन प्रश्न उलट्या क्रमाने विचारतात. कित्येक तर पहिला प्रश्न विचारतच नाहीत.

हिशेब आधी

तिने पाठकोरा कागद घेतला. चाळीस फेऱ्यांचे भाडे एक लाख. गाडी घरची झाली तर त्याच फेऱ्यांना डिझेल लागेल साधारण अठ्ठावीस हजारांचे. विमा, कर, पासिंग मिळून वर्षाला पस्तीस हजार धरले. टायर आणि दुरुस्तीसाठी तीस हजार बाजूला टाकले. बेरीज झाली त्र्याण्णव हजार. म्हणजे साडेतीन लाख घालून वर्षाकाठी वाचणार सात हजार! पाटल्यांवरचे व्याज तर अजून धरलेलेच नव्हते.

घरधनी गप्प झाला. पण कागद तिथेच संपला नाही. मंडपाचे काम नसेल त्या दिवशी गाडी उभी का राहावी? गावातून रोज भाजी बाजार समितीत जाते, सिमेंट-पत्रे येतात, घरे बदलणाऱ्यांचे सामान हलते. वर्षात असे साठ दिवस जरी भाडे मिळाले आणि डिझेल जाऊन दिवसाला बाराशे उरले, तर बहात्तर हजार होतात. आधीचे सात मिळवून एकोणऐंशी. गाडीची किंमत आणि घेतल्या घेतल्या करावी लागणारी दुरुस्ती मिळून चार लाख वीस हजार धरले, तर पैसे फिटायला पाच वर्षांहून थोडा जास्त काळ. म्हणजे गाडी अशी हवी, की जी आणखी सहा-सात वर्षे तरी कुरकुर न करता चालेल.

हे आकडे एका घरचे आहेत. दुसऱ्या घरी ते वेगळे येतील. पण कागदावर ते मांडलेले असले, की केवढ्यापर्यंत जायचे आणि किती जुनी गाडी घ्यायची, हे घासाघीस सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते.

वाहणे वेगळे, ओढणे वेगळे

या घराला गाडी नुसती माल वाहण्यासाठी नको होती. मागे जनरेटरची दोनचाकी ट्रॉली ओढायची होती. कुणाला पाण्याची टाकी ओढायची असते, कुणाला कॉम्प्रेसर, किनाऱ्यावर कुणाला होडी. ‘पिकअपला काय, काहीही ओढेल’ असे सर्रास म्हटले जाते. ओढेलही. पण ओढणे सोपे असते, अवघड असते ते थांबवणे.

बऱ्याच छोट्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. घाट उतरताना ट्रॉलीचे सगळे वजन पुढच्या गाडीला मागून ढकलत राहते आणि ते पेलायचे ओझे एकट्या पिकअपच्या ब्रेकवर येते. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा आणि गाडी इंजिनाच्या जोरावर रोखून धरायची, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम ट्रॉली असताना तर मोडताच कामा नये.

ट्रॉलीवरचे वजन तिच्या आसाच्या किंचित पुढे असावे. ते मागे गेले की वेग वाढताच ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी हलू लागते आणि गाडीलाही हलवते. पुढे असलेल्या वजनातला काही भाग पिकअपच्या हुकावर बसतो. तो गाडीतल्या मालात धरायचा असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

गाडी किती वजन घेऊ शकते, हे विकणाऱ्याला विचारायची गरज नाही. आर. सी. बुकावर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासकट चालणारे एकूण वजन. दोहोंतली वजाबाकी म्हणजे गाडीची कायदेशीर ताकद, आणि त्यातच ड्रायव्हर व बरोबरची माणसेही आली. जनरेटरची ट्रॉली वजनकाट्यावर नेऊन एकदा तोलून घ्यावी. थोडक्या पैशांत खरा आकडा हाती येतो. जादा माल भरला तर २०१९ पासून दंडच वीस हजार रुपये आहे, आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार.

कायद्याच्या लेखी ट्रॉली हेही स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी करावी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रॉलीच्या मागे दिसावा लागतो. विम्याच्या पॉलिसीतही ट्रॉलीचा उल्लेख करून घ्यावा, नाहीतर अपघातानंतर भरपाईच्या वेळी वाद उभा राहतो.

सकाळी, थंड इंजिनावर

हिशेब पटला तसे दोघे ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गाडी पाहायला गेले. मिस्त्रीची अट एकच : “सकाळी जायचं, आणि आपण पोचायच्या आधी गाडी चालू केलेली नको.”

त्यामागे कारण आहे. डिझेल इंजिनाचे दुखणे थंडपणी उघडे पडते, तापल्यावर झाकले जाते. म्हणून पोचल्याबरोबर बॉनेटखाली हात लावून पाहावा. इंजिन कोमट लागले, तर विकणाऱ्याने ते आधीच फिरवून ठेवले आहे असे समजावे.

मग स्टार्टर मारायचा आणि मागे जाऊन धूर पाहायचा. थंड इंजिनाने पहिले काही क्षण पांढरट धूर सोडला तर त्याचे विशेष नाही. तो थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅसकेट गेल्याची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. दोष रिंग-पिस्टनचा असेल किंवा टर्बोचा, खर्च दोन्हीकडे मोठाच. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. हे कधी नुसत्या तुंबलेल्या एअर फिल्टरवर भागते, कधी नोझलपर्यंत जाते.

ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण काढून, इंजिन चालू असतानाच, ते त्या तोंडावर उलटे ठेवावे. हलके थरथरले तर ठीक. उडून पडू लागले आणि खालून धुराचे भपके आले, तर सिलिंडरमधला दाब खाली निसटतो आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा ऑइलच्या काडीला दुधाळ साय, ही दोन्ही लक्षणे वाईट. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे.

ट्रॉली ओढणाऱ्या गाडीत सगळ्यात आधी मरतो तो क्लच. त्याची परीक्षा सोपी आहे. समोर मोकळी जागा पाहून हँडब्रेक पक्का ओढावा, तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. इंजिन सुखाने फिरतच राहिले तर प्लेट संपली आहे. त्यानंतर गाडी माल भरून चढावर चालवून पाहावी. चढ संपताना तापमानाचा काटा कुठे आहे आणि मागच्या डिफरन्शियलमधून घुरघुर येते का, हे रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर कधीच कळत नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. तो मागे फिरवता येतो. पण क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांचे झिजलेले रबर आणि ड्रायव्हरच्या जागेचे दबलेले स्पंज मागे फिरवता येत नाही.

हौद्याखाली वाकून

या गाडीचे इंजिन खरोखरच बरे निघाले. घरधन्याचा चेहरा खुलला. मिस्त्री मात्र बॅटरी घेऊन हौद्याखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मागच्या पाट्यांमध्ये एक पाटा नवा, वेगळ्याच रंगाचा होता. जादा पाटा म्हणजे जादा मालाची कबुली. चासीच्या मागच्या आडव्या पट्टीवर वेल्डिंगचे जाड टाके होते आणि त्यांवर ताजा काळा रंग मारलेला होता. तिथे कधीतरी हुक बसवला होता, तो ओढून ओढून पट्टी तडकली होती, आणि विकायच्या वेळी हुक काढून तड बुजवली होती. फक्त दूध वाहिलेल्या गाडीची ही लक्षणे नव्हेत.

इंजिन उतरवून नवे करता येते. मोडलेली चासी म्हणजे मोडलेला कणा. ट्रॉली ओढायला तीच गाडी नेणे म्हणजे दुखऱ्या जागीच पुन्हा भार देणे. घेणाऱ्याने म्हणून स्वतः आडवे होऊन पाहावे : वेल्डिंग, गंज, पाट्यांचे कंस, टायरची एका कडेने झालेली झीज. चासीवर कोरलेला नंबर आर. सी.वरच्या नंबराशी अंक-अंक जुळवावा. तो घासलेला किंवा पुन्हा कोरलेला दिसला तर त्या गाडीपाशी एक मिनिटही थांबू नये.

नव्या गाड्यांची नवी दुखणी

‘मग जरा नवी घेऊ,’ असे अशा वेळी मनात येते. तेही समजून घ्यावे. देशभर भारत स्टेज चार हे प्रदूषणाचे निकष १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले आणि स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून. स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी जाळायला गाडी अधूनमधून बराच वेळ एका वेगाने पळावी लागते. गावातल्या गावात थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो, समोर दिवा लागतो आणि इंजिनाची ताकद उतरते. काही जण हा फिल्टर काढूनच टाकतात. ते बेकायदा आहे आणि नंतरचा त्रास नव्या मालकाला होतो. दिवा किल्ली फिरवताच लागून मग विझतो की नाही, तेही पाहावे. मुळीच लागत नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

साध्या पंपाची जुनी इंजिने गावच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येतात. नंतरच्या कॉमन रेल इंजिनांना डिझेल स्वच्छच हवे. पाणी किंवा रॉकेल मिसळलेल्या डिझेलने त्यांचे इंजेक्टर जातात आणि ते महाग असतात. आपल्या गावात कोणते इंजिन उघडणारा माणूस आहे, याला म्हणूनच मोठे महत्त्व.

कागद हेच खरे इंजिन

पहिली गाडी नाकारली तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या आठवड्यात दुसरी मिळाली. किंमत दहा हजारांनी जास्त, रंग उडालेला, पण चासी सरळ आणि क्लच धरणारा. या वेळी कागद पाहण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले.

परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदींत गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का हे दिसते. न भरलेल्या दंडाची चलनेही तशीच पाहता येतात. बोजा निघाला. कर्ज फेडले होते, पण आर. सी.वरून बँकेचे नाव काढायचे राहून गेले होते. त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. “बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत,” असे तिने सांगितले आणि थोडा विसार देऊन बाकीची रक्कम रोखून धरली. विसारही बँकेतून दिला आणि त्याची पावती घेतली.

पिवळ्या नंबरपट्टीच्या मालवाहू गाडीला पासिंग लागते. आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांचे मिळते, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. गाडीचे वय वाढेल तशी त्याची फीही चढत जाते. मालासह एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. छोट्या टेम्पोंना म्हणून ते नसते. मोठ्या पिकअप गाड्या या मर्यादेच्या वर जातात, त्यांना लागते. ड्रायव्हिंग लायसन्सबद्दल मात्र दिलासा आहे. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केले.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, म्हणजे बेळगावची गाडी कोल्हापुरात किंवा इंदूरची जळगावात यायची असेल, तर आधी तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र हवे आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. दिल्ली परिसरातून स्वस्तात येणाऱ्या डिझेल गाड्यांचे मूळ तर कागदांतच असते. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने यात बदल करणारे आदेश दिले. अशी गाडी घेताना ना-हरकत पत्र खरे आहे आणि आपला आर.टी.ओ. ती नोंदवून घेतो, याची खात्री पैसे देण्यापूर्वी करावी.

विमाही आपोआप पूर्णपणे नव्या मालकाचा होत नाही. चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून तो नावावर करून घ्यावा लागतो. जुन्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही.

विकणाऱ्याचेही मरण

दलालाने मध्येच सुचवले, “सह्या करून कोरे फॉर्म ठेवा वहिनी, पुढे सावकाश बघू.” ही ‘सावकाश’ची सोय फार घरांना महागात पडली आहे. कोऱ्या सह्यांवर गाडी तीन-चार हातांतून फिरते आणि आर. सी.वर नाव पहिल्याचेच राहते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच भरपाईसाठी मालक. गाडी विकून पैसे खर्चही करून बसलेल्या माणसाच्या दारात म्हणूनच अपघाताच्या भरपाईची नोटीस येऊ शकते. आणि घेणाऱ्याच्या ताब्यात गाडी असते, पण कागदोपत्री ती त्याची नसते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी अधिकृत नोंदणीची पद्धत आली आहे. व्यापाऱ्याकडून घेताना त्याचे अधिकारपत्र पाहायला मागावे, त्यात संकोच नको.

तिने कोरे फॉर्म परत केले. सगळे रकाने, तारीख आणि वेळेसकट, समोर बसून भरून घेतले. विकणाऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांनाच ते जास्त आवडले. “पोरी, आमच्याही गळ्यातली धोंड गेली,” ते म्हणाले.

गाडी दारात आली त्या संध्याकाळी सासूबाईंनी नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिले. घरधन्याला दुसऱ्याच दिवशी एक भाडे चालून आले होते. ते त्याने घेतले नाही. विमा नावावर व्हायला आठ दिवस लागले, तेवढे दिवस गाडी अंगणातच उभी राहिली आणि त्यात मिस्त्रीने ऑइल, फिल्टर, ब्रेकचे लायनर बदलले. पाटल्या गहाण पडल्या त्या पडल्याच. पण त्यांची पावती आणि गाडीची आर. सी. आता एकाच डब्यात आहेत. हिशेबाच्या वहीत ‘पिकअप भाडे’ची ओळ अजूनही असते. फरक इतकाच, की ती आता जमेच्या बाजूला असते.